सायकल थांबवण्याचा इतिहास : सळई, वायर की तेल?

सायकलीचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक ती धावायला कशी लागली ते सांगतात. पेडल कधी आले, साखळी कधी आली, हवेचा टायर कोणी बनवला. कोकणातल्या माणसाला मात्र दुसरा प्रश्न जास्त जवळचा आहे: ती थांबते कशी?

रत्नागिरीत सपाट रस्ता फार वेळ टिकत नाही. थिबा राजवाड्याच्या सड्यावरून भाट्याच्या खाडीकडे उतरा, गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचे चढउतार पार करा, किंवा कोल्हापूरच्या वाटेने साखरपा मागे टाकून आंबा घाट चढा आणि परत उतरा. चढताना दम लागला तर माणूस सायकलवरून उतरून चालू शकतो. उतारावर ही सोय नाही. तिथे हातातल्या मुठीवर भरवसा ठेवावा लागतो. वर जून ते सप्टेंबर पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि रस्त्यावर वाहून आलेली जांभ्याची तांबडी माती.

तरीही गिअरची सायकल घेताना दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो गिअर किती. ब्रेकचा विषय शेवटी निघतो, निघाला तर. ज्यांना थोडी माहिती असते ते विचारतात, रिमला धरणारा ब्रेक वायरचा चांगला की तेलाचा? वायरचा म्हणजे मेकॅनिकल, तेलाचा म्हणजे हायड्रॉलिक. प्रश्न रास्त आहे. पण ब्रेकचा दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर लक्षात येते की तो अर्धाच आहे. हाताची ताकद रिमपर्यंत कशाने पोहोचते एवढेच तो विचारतो. पोहोचलेली ताकद ओल्या रिमवर टिकते का, आणि बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, हे दोन प्रश्न त्यात राहून जातात. रत्नागिरीत निकाल याच दोन प्रश्नांवर लागतो.

उंच चाक आणि पुढच्या ब्रेकची भीती

१८७०च्या दशकात युरोपात उंच चाकाची सायकल लोकप्रिय झाली. पुढचे चाक छातीएवढे, मागचे जेमतेम गुडघ्याएवढे, आणि माणूस पुढच्या चाकाच्या बरोबर वर बसलेला. तिचा ब्रेक म्हणजे चमच्याच्या आकाराचा लोखंडी तुकडा. मूठ दाबली की तो पुढच्या टायरवर वरून दाबला जाई. टायर भरीव रबराचा असल्याने तो घासणे सहन करी, पण माणूस सहन करू शकत नसे. ब्रेक जोरात लागला की मागचे चाक उचलले जाई आणि स्वार डोक्यावर आपटे. उतारावर अनुभवी लोक पाय हँडलवरून पुढे टाकून बसत, म्हणजे फेकले गेलोच तर निदान पायांवर पडू.

‘पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील’ हा सल्ला आपल्याकडे आजही प्रत्येक मुलाला मिळतो. ही भीती त्या उंच सायकलीला शोभणारी होती. आजच्या सायकलीवर माणूस दोन चाकांच्या मध्ये, खाली बसतो. थांबताना वजन पुढे सरकते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त मागचा वापरला तर थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागते. ओल्या वळणावर किंवा वाळूवर पुढचा ब्रेक जपून लावायचा, हे खरे. पण सवयीने तो कधीच न लावणे म्हणजे अर्ध्याहून अधिक ब्रेक घरी ठेवून निघणे.

जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ ही दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल १८८५ साली इंग्लंडमध्ये आली. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा कैद झाला. पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले गेले आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या नजरकैदेच्या त्या तीस वर्षांत आज आपण ओळखतो ती सायकल जवळपास पूर्ण घडली. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. हवेच्या टायरवर लोखंडी चमचा घासणे म्हणजे टायर फाडणे. म्हणून ब्रेकला टायर सोडून रिम धरावी लागली. रिम ब्रेकची कल्पना आधीही होती, १८७६ साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंटही निघाले होते. ती गरजेची झाली मात्र हवेच्या टायरमुळे.

सळई आणि वायर

रिमपर्यंत ताकद पोहोचवायचे दोन मार्ग निघाले. पहिला सळयांचा. हँडलखालच्या मुठीपासून चाकापर्यंत सळया आणि सांधे. मूठ दाबली की नालाच्या आकाराची पट्टी वर ओढली जाते आणि तिच्यावरचे दोन रबर रिमच्या आतल्या बाजूला, जिथे आरे बसतात तिथे, टेकतात. दुसरा मार्ग वायरचा. आत ओढली जाणारी तारांची वायर, बाहेर न दबणारे आवरण. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन याने या रचनेचे पेटंट १८९६ साली घेतले. सळईला सरळ वाट लागते, वायर मात्र वळणावळणाने जाऊ शकते. पुढे मोटारसायकलच्या क्लचपासून विमानांच्या नियंत्रणापर्यंत ही वायर पोहोचली.

युरोपात हलक्या सायकलींवर वायर रुळली. आपल्याकडे सळई राहिली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशी सायकल कारखाने उभे राहिले. १९४९ साली मद्रासजवळ टीआय सायकल्स, १९५१ साली सोनीपतला ॲटलस, त्याच सुमारास आसनसोलला सेन-रॅले, १९५६ साली लुधियानाला हिरो. या सगळ्यांनी इंग्रजी धाटणीची काळी, जड, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल देशभर पोहोचवली. दूधवाला, पोस्टमन, पाववाला, शाळामास्तर, सर्वांची सायकल तीच. तिचा ब्रेक सळईचा.

याला मागासलेपण म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. सळई गंजून एकाएकी तुटत नाही. सांधा सैल झाला तर पाना लावून घट्ट करता येतो, वाकली तर हातोडीने सरळ करता येते. जिथे सुटा भाग मिळायला आठवडा लागतो, तिथे हा गुण मोठा असतो. मोहल्ल्याच्या तोंडावर पंप, पाण्याचे घमेले आणि चार पाने घेऊन बसलेला मिस्त्री तिला अर्ध्या तासात रस्त्यावर आणत असे.

तिचा दोष वेगळ्याच ठिकाणी होता: रिममध्ये. ही रिम पोलादाची, वर क्रोमचा चकचकीत मुलामा. कोरड्यात ती ठीक चाले. पावसात तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसे आणि रबर घसरत राही. अमेरिकेतल्या मॅसाच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७०च्या दशकात झालेल्या चाचण्यांत असे दिसले, की ओल्या पोलादी रिमवर रबराची पकड कोरड्यातल्या पकडीच्या दहाव्या हिश्शापर्यंत खाली येते. म्हणजे दहा मीटरमध्ये थांबणाऱ्या सायकलीला शंभर मीटर लागू शकतात. कोकणातल्या माणसाला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नव्हती. पावसाळ्यात उतार आला की तो खाली उतरे आणि सायकल हाताने धरून चाले. किंवा चपलेचा तळवा रस्त्यावर घासत जाई.

हा दोष सळईच्या जागी वायर लावून गेला नसता, तेल भरूनही गेला नसता. दहापट जोर लावणे कोणत्याच हाताला जमणारे नव्हते. उत्तर आले ॲल्युमिनियमच्या रिमने, जिला दुकानात ‘अलॉय रिम’ म्हणतात. ओल्यात तिची पकडही घटते, पण पोलादाइतकी नाही. सोबत ओल्यासाठी बनवलेले चांगल्या प्रतीचे रबर आले. सायकलच्या ब्रेकमध्ये पावसाळी प्रदेशासाठी झालेली सर्वांत मोठी सुधारणा हीच, आणि जाहिरातीत तिला जागा सर्वांत कमी मिळते.

डोंगरावरचा धूर

माउंटन बाईकचा जन्मच ब्रेकच्या फजितीतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जड सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या वाटेने खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी पहिली शर्यत घेतली. साधारण ३.४ किलोमीटरच्या वाटेत ४०० मीटरची उतरण. त्यांच्या सायकलींना मागच्या चाकाच्या तुंब्यातला, पेडल उलटे मारल्यावर लागणारा ब्रेक होता. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत त्याला ‘रिपॅक’ म्हणतात. शर्यतीचे नावही तेच पडले.

धूर का निघे, हे साध्या हिशेबाने कळते. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरले आणि ४०० मीटर उतरले, तर सुमारे साडेतीन लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी उकळीला येईल. वाऱ्याचा आणि रस्त्याचा रोध थोडा वाटा उचलतो, बाकी सगळे ब्रेकवर येते. घाटातून सावकाश, ब्रेक दाबून धरत उतरणाऱ्याचा वाटा तर आणखी मोठा.

त्या तरुणांपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली डोंगरासाठी खास सांगाडा बनवला आणि ब्रेक पुन्हा रिमवर नेला. रिम मोठी, उघडी आणि वाऱ्यात फिरणारी, त्यामुळे ती लवकर निवते. ब्रेक होता कॅन्टिलिव्हर जातीचा: चिमट्याच्या दोन्ही बाजूंना वेगळे हात, वर मधोमध ओढणारी वायर, आणि जाड टायर व चिखलाला भरपूर मोकळी जागा. १९८१ साली बाजारात आलेल्या स्पेशलाइज्डच्या ‘स्टंपजंपर’वरही हेच ब्रेक होते.

ऐंशीच्या दशकात मध्येच एक उलटा प्रयोग झाला. मागचा ब्रेक पेडलच्या मागे, सांगाड्याच्या खालच्या दांड्यांना बसवायची फॅशन आली. जोर चांगला मिळे, पण नेमक्या त्याच जागी चिखल साचे. काही वर्षांत तो मागे पडला. कागदावर ताकदवान असलेला ब्रेक मातीत हरू शकतो, हा धडा आपल्या तांबड्या चिखलाच्या मुलखात विसरू नये.

तेल आले

बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. मोटारगाड्यांत तेलाचे ब्रेक १९२०च्या दशकात आले. सायकलवर ते नियमित उत्पादनात आणले जर्मनीच्या मागुरा कंपनीने, १९८७ साली. ही १८९३ सालची जुनी कंपनी. संस्थापक गुस्ताव मागेनविर्ट आणि गाव उराख, यांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून तिचे नाव झाले. मोटारसायकलींच्या मुठी आणि लिव्हर हा तिचा जुना धंदा.

रचना सुटसुटीत आहे. लिव्हर दाबली की तिच्यातला दट्ट्या तेल ढकलतो, आणि रिमच्या दोन्ही बाजूंचे दोन दट्टे रबर सरळ रिमवर दाबतात. वायरमध्ये आवरणाशी घासून जो जोर वाया जातो, तो इथे जवळपास वाचतो. बोटांना किती दाब दिला ते नेमके कळते. नळी बंद असल्याने पाणी, माती, खारी हवा आत शिरत नाही. पूर्ण थांबून, एका चाकावर तोल सांभाळत दगडांवर उड्या मारणाऱ्या ‘ट्रायल्स’ खेळाडूंनी हे ब्रेक डोक्यावर घेतले. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या जर्मन सायकलस्वारांनीही घेतले.

मग जग तेलावर का गेले नाही? कारण १९९६ साली जपानच्या शिमानोने व्ही-ब्रेक बाजारात आणला. दोन लांब हात, आणि एका बाजूने आडवी ओढणारी एकच वायर. कॅन्टिलिव्हरपेक्षा जोर कितीतरी जास्त, जुळवणी सोपी, किंमत तेलाच्या ब्रेकहून खूप कमी. आपल्या दुकानांत याच ब्रेकला ‘पॉवर ब्रेक’ म्हणतात. नावावरून काहींना तो तेलाचा वाटतो. तो निव्वळ वायरचा आहे. व्ही-ब्रेकने वायर आणि तेल यांतले अंतर इतके कमी केले, की साध्या माणसाला जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर डिस्क ब्रेक आले आणि डोंगरावरच्या सायकलींनी हळूहळू रिमच सोडली. रिमवरचा तेलाचा ब्रेक संपला नाही, पण मूठभर लोकांचा राहिला.

रत्नागिरीचा हिशेब

आता निवड. तेलाच्या बाजूने एक मुद्दा खास आपल्या किनाऱ्याचा आहे. मिरकरवाडा, राजिवडा, भाट्ये या भागांत खारी हवा पोलादाला सुखाने राहू देत नाही. आवरणात पाणी शिरले की वायर आतून गंजते, मूठ जड होते, ब्रेक लागला की सुटत नाही. तेलाच्या नळीला हा रोग नाही.

विरुद्ध बाजूचे मुद्दे मात्र जास्त वजनाचे आहेत. वायर बहुधा सांगून तुटते. आधी एकेक तार सुटते, मूठ खरखरते, टोकाला पिसारा फुटतो. तेलाची नळी फांदीत अडकून कापली गेली, तर त्या चाकाचा ब्रेक त्याच क्षणी जातो. वायर कोणत्याही पंक्चरच्या दुकानात मिळते. तेलाच्या ब्रेकला पिचकारीने हवा काढत तेल भरावे लागते, आणि त्याचे सुटे भाग आपल्या गल्लीत नाहीत.

इथे एक खरा धोका आहे. आखातातून किंवा युरोपातून परतताना कोणी अशी सायकल आणली आणि ब्रेक ढिला पडला, तर ती जाईल मोटारसायकलच्या मिस्त्रीकडे. तो भला माणूस त्याच्याजवळचे मोटारसायकलचे ‘ब्रेक ऑइल’ भरून देईल. मागुराच्या ब्रेकमध्ये खनिज तेल लागते. मोटारसायकलचे ब्रेक ऑइल वेगळ्या रसायनाचे असते, ते आतली रबरी सीले फुगवून खराब करते. दुरुस्त झालेला दिसणारा ब्रेक काही दिवसांनी घाटात दगा देईल. दोष मिस्त्रीच्या हुन्नराचा नाही, त्याच्यापर्यंत माहिती आणि माल न पोहोचण्याचा आहे.

मिस्त्रीचा मुद्दा मी मुद्दाम ठासून मांडतो. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात नोंदवले आहे, की मुस्लिम कामगार पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहेत. वाहन दुरुस्ती हे त्यातलेच एक क्षेत्र. गावोगावच्या सायकलवाल्या चाचांकडे चाकाचा आउट काढण्याचे, वायर ताणण्याचे, रबर कोनात बसवण्याचे जे ज्ञान आहे, ते कोणत्याही शाळेने दिलेले नाही. आपण निवडलेला ब्रेक त्या ज्ञानाच्या आवाक्यात असेल, तर दोघांचेही भले होते: आपला जीव सुरक्षित, त्यांचा धंदा चालू.

म्हणून रत्नागिरीत रोज वापरायच्या, रिम ब्रेकच्या सायकलीसाठी माझे मत स्पष्ट आहे. वायरचा व्ही-ब्रेक, अलॉय रिमवर, चांगल्या रबरासह. पोलादी रिमवर महागातला महाग तेलाचा ब्रेकही पावसात कमी पडेल. अलॉय रिमवर साधा व्ही-ब्रेक पुरेसा ठरेल. तेलाचा ब्रेक त्यानेच घ्यावा, जो तेल भरायला स्वतः शिकला आहे आणि जादा नळी, रबर, योग्य तेल घरात ठेवतो.

दोन गोष्टी दुकानात तपासा. व्ही-ब्रेकला त्याच्याच जातीची लिव्हर लागते, कारण तो जवळपास दुप्पट वायर ओढून घेतो. जुन्या ब्रेकची लिव्हर लावली, तर मूठ हँडलला टेकेल आणि ब्रेक अर्धवट लागेल. आणि रिमला लोहचुंबक लावून पाहा. चिकटले तर ती पोलादी आहे, विक्रेता काहीही म्हणो.

अलॉय रिमचीही किंमत मोजावी लागते. जांभ्याच्या मातीतली कणी रबरात रुतते आणि दर ब्रेकला रिम खरवडते. करकर आवाज आला, की समजावे रिम झिजते आहे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रिम पाण्याने धुवावी, रबरात अडकलेले खडे टाचणीने काढावेत. पुष्कळ रिमांवर कंपनीने झीज दाखवणारी बारीक खाच किंवा खळगा दिलेला असतो. तो दिसेनासा झाला, की रिम बदलायची. पातळ झालेली रिम टायरच्या हवेच्या दाबाने एक दिवस उलते, आणि तो दिवस बहुधा उताराचाच असतो.

मृग लागण्याआधी लोक घराची कौले चाळतात, पन्हळी साफ करतात. त्याच आठवड्यात नवी वायर, नवे आवरण आणि नवे रबर टाकून घ्यावे. तिन्हींचा खर्च मामुली असतो. मिस्त्रीकडून परत आल्यावर रस्त्यावर निघण्याआधी सायकल अंगणात उभी करा, रिमवर तांब्याभर पाणी ओता आणि पुढची मूठ दाबून सायकल पुढे ढकलून बघा. मागचे चाक उचलले गेले, तर ब्रेक धरतो आहे. सायकल सरकत राहिली, तर अजून काम बाकी आहे.